हयातीच्या दाखल्याआधीची कवायत

मांजरसुंब्याच्या ऑनलाइन सेवा केंद्रात वत्सलाबाईंचा अंगठा सलग सातव्यांदा नापास झाला. नवऱ्यामागं मिळणारी पेन्शन चालू राहायची, तर जिवंत असल्याचा दाखला आजच जायला हवा होता.

"मी समोर बसलेय, ह्या मशीनला दिसंना का?"

"त्याला नुसता अंगठा दिसतो, मावशी," केंद्र चालवणारा मतीन म्हणाला. "थोडं थांबा. पुन्हा बघू."

सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून मतीनची मान लाकडासारखी झाली होती. डॉक्टरांनी तासातासाला व्यायाम सांगितला होता. तो उठला आणि भिंतीकडं तोंड करून सुरू झाला. मान डावीकडं, उजवीकडं. खांदे वर, खाली. हात डोक्यावर ताणणं. मग मुठी वळणं, उघडणं, तळवे एकमेकांवर दाबणं.

वत्सलाबाईंनी बारकाईनं पाहिलं. मागच्या खेपेला चेहऱ्याचा फोटो काढताना मशीननं मान हलवायला, पापण्या मिटायला लावल्या होत्या. हे त्याच्याच पुढचं असणार. त्याही उठल्या.

"काकू, हे कावून?" रांगेतल्या भागवतनं विचारलं. तो शाळेतला निवृत्त शिपाई.

"अंगठा लागाया. मतीन सोता करून दावतोय की."

पाच मिनिटांत अकरा पेन्शनर हात ताणू लागले. भागवत नव्या माणसांना दारातच अडवू लागला.

"आधी खांदे. न्हाई तर आत रिजेक्ट करतेत."

"मला नुसती झेरॉक्स पाहिजे."

"झेरॉक्सला बी लागत आसंल. वर करा हात."

मतीन वळला. "ओ, हे काय लावलंय?"

"तू केलंस तेच," वत्सलाबाई म्हणाल्या आणि बसून अंगठा टेकवला. इतका वेळ दाबून, ताणून बोटं चांगली गरम झाली होती. स्क्रीनवर हिरवी खूण आली.

"मावशी, अंगठा लागला! पण खरं सांगतो, हा व्यायाम मानेचा हाय."

"मग तुजी मान सुटली का?"

मतीननं वळवून पाहिली. "न्हाई."

"माजा अंगठा लागला. आता कशाचा हाय, ते तूच सांग."

मतीन खुर्चीत बसला. "चला, पुढचे कोण?"

कुणीच पुढं आलं नाही.

"थांब बे," भागवत म्हणाला, "आमचा डावा खांदा राहिलाय."