हात चुकत न्हाई

टेंभुर्णीत खुरपं घ्यायला आलेल्या माणसाला हणमंत मिस्त्री आधी विचारायचा, "खुरपणार कोण?"

"बायको."

"मंग तिला घेऊन या."

झालं! गिऱ्हाईक वैतागून समोर माझ्या लोखंडी सामानाच्या दुकानात यायचं. माझा फायदाच होता, खोटं कशाला बोलू? पण बाई आलीच, तर मिस्त्री तिला ओल्या मातीचा गोळा द्यायचा. "आवळा, माय." बोटांचे ठसे उमटले की त्या मापानं बाभळीची मूठ तासायची. वाळलेले गोळे फळीवर ओळीनं मांडलेले असायचे. नव्या माणसाला वाटायचं, लाडू वळून ठेवलेत.

मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, एका मापाची शंभर खुरपी द्या."

"देतो की शेठ. एका मापाच्या शंभर बाया आणा."

आता काय बोलावं या माणसाशी, कपाळ!

त्या श्रावणात कौसल्याबाई आली. कडबा कापताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेल्ती. खुरपताना मागं पडते म्हणून मुकादमीण तिला टोळीतून काढायला निघाली होती. घरात दोन लेकरं, आणि चूल तिच्याच रोजावर. मिस्त्रीनं खुरपं करून दिलं. परत आलं. दुसरं दिलं, तेही परत. तिसऱ्या खेपेला मी ओट्यावरून ओरडलो, "अहो, खोट तिच्या हातातच आहे, खुरपं काय करील?"

मिस्त्रीनं उठून तिच्यापुढं हात जोडले. "हात चुकत न्हाई, माय. खुरपं चुकलं. उद्या मीच येतो."

आणि गेला की! स्वतःची दोन बोटं चिंधीनं बांधून कपाशीत बायांच्या ओळीत बसला. बाया हसून लोटपोट. "मिस्त्री, बांगड्या भरू का?" त्यानं मान वर केली नाही. दुपारपर्यंत तळहाताला फोड आणला, तेव्हा उठला.

चौथं खुरपं वाकड्या मुठीचं, मनगटाला कातडी पट्टा. दिसायला इतकं बेंगरूळ की मी फुकट घेतलं नसतं. कौसल्याबाई त्या खुरप्यानं सगळ्यांच्या बरोबरीनं खुरपायला लागली आणि टोळीत टिकली.

"एका खुरप्यापायी एवढा आटापिटा?" मी विचारलं.

त्यानं आढ्यातून एक जुनं खुरपं काढलं. मुठीला चिंधी गुंडाळलेली.

"आमच्या मंडळीचं. लग्नाच्या साली हौसेनं केल्तं, मुठीवर नक्षी काढून. तिच्या हाताला फोड आले, तर मी म्हणलो, तुला कामाची सवय न्हाई. मंग ती पुन्हा बोललीच न्हाई. जल्मभर चिंधी गुंडाळून खुरपलं. ती गेल्यावर चिंधी सोडून बघितली, तवा समजलं. नक्षी टोचत व्हती. एकदा विचारलं असतं ना शेठ, तर पाच मिनिटांत घासून दिली असती."

घरी आलो. बायको भाजी चिरत होती. विळी आमच्याच दुकानातली.

"विळी बराबर आहे का गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पाट हलतो," म्हणाली. "पहिल्यापासनं."

विळी उचलली आणि तडक मिस्त्रीकडे नेली. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"चिरतं कोण?"

"बायको."

"मंग त्यांना घेऊन या."

मी मुकाट्यानं तिला आणायला निघालो.