काय दिसतंय, तू सांग

यवतजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर धोंडीआप्पा गुळव्या होता. म्हणजे उकळत्या रसाचा गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस. पण तो स्वतः कधी काही सांगायचा नाही. कढईपाशी उभा राहून समोरच्याला विचारायचा, "काय दिसतंय? तू सांग."

नव्या माणसाला वाटे, परीक्षा चाललीय. तो घाबरून म्हणे, "फेस, आप्पा."

"फेस मला बी ठाऊक हाय. रंग कसला? बुडबुडा केवढा?"

एकदा मालक आले तर त्यांनाही सोडलं नाही. मालक म्हणाले, "पिवळा." आप्पा म्हणाला, "पिवळं तर लिंबू बी असतंय. नीट बघा." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही, मला चिपाडं वाळत घालायची होती.

ते माझं काम. आप्पानं मलाही आठवडाभर कढईवर उभं केलं आणि जाळ घालणाऱ्या रामलखनला माझ्या जागी उन्हात धाडलं. "दुसऱ्याचं काम कळल्याबिगर सोताचं कळत न्हाई," हे त्याचं नेहमीचं बोलणं. आणखी एक नियम होता. ज्याला येतं त्यानं काम करता करता नव्याला शिकवायचं, तेही मोठ्यानं. मला ही सगळी थेरं वाटत. पण ओलं चिपाड जाळात गेलं की उकळी कशी बसते हे मी कढईवरूनच पाहिलं. पुन्हा ओलं दिलं नाही. शेजारच्या गुऱ्हाळांवर माणसं एकमेकांवर खेकसत. आमच्याकडे न सांगता हात चालत.

मालकांनी दुसरं गुऱ्हाळ काढलं आणि आप्पाला म्हणाले, तिकडं जाऊन माणसं तयार करा. आप्पा नको म्हणाला. कारण सांगेना. मालक चिडले.

"सारखं दुसऱ्याला विचारता. तुम्हाला येतं तरी का? उद्याची एक कढई एकट्यानं उतरवा. कुणी काही सांगायचं न्हाई. जमलं न्हाई तर वडगावला घरी जावा."

वडगाव रासाईचं घर बायको गेल्यापासून बंद होतं. आप्पा गुऱ्हाळावरच राही.

संध्याकाळी मी चहा नेला. कप पुढे धरला तर आप्पाचा हात वीतभर बाजूनं गेला. मी कप हलवला नाही. हात पुन्हा हुकला.

"आप्पा, तुम्हाला दिसत न्हाई."

"काचबिंदू हाय, आक्का. गेलेली नजर येत न्हाई म्हनला डाक्टर. चार वरसं झाली."

"कढईत पडला असता की!"

"हितली पावलं मोजल्याली हायेत. नव्या गुऱ्हाळावरची न्हाईत." मग हळूच म्हणाला, "कुनाला बोलू नगंस."

दुसऱ्या दिवशी मालक खुर्ची टाकून बसले. सगळे गप्प. रस उकळायला लागला. आप्पा नुसता कान देऊन उभा. एवढ्यात चुलवणापासून रामलखननं बायकोला हाक मारली.

"सुनीता, इधर आ. आज तुझे सिखाता हूँ."

सुनीता दोन वर्षं कढईवर होती. उलट तीच नवऱ्याच्या चुका काढायची.

"देख, मैल ऊपर आया."

आप्पानं झारा उचलून मळी काढली.

"अब बुलबुला छोटा हुआ. रंग शहद जैसा."

"इधर किनारे पे अभी कच्चा है," सुनीतानं गुरुजींना दुरुस्त केलं.

"रामलखन, गप बस!" मालक ओरडले.

"मालिक, आप्पा का नियम है. काम करते-करते सिखाना, ज़ोर से."

मालक खुर्चीत मागं टेकले. थोड्या वेळानं आप्पानं चिमूटभर पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली आणि म्हणाला, "उतरवा." गूळ चांगला उतरला. मालक खडा चघळत गेले. नव्या गुऱ्हाळावर जा, असं पुन्हा म्हणाले नाहीत.

मी रामलखनला गाठलं. "कवापासनं ठाऊक हाय?"

"पहले साल से, मौसी. सबको पता है."

सबको म्हणजे मी सोडून.

मग आप्पा पावलं मोजत माझ्याकडं आला. "सुनीताला अजून शिकवावं लागतंय व्हय? दोन वरसं काय केलं तिनं?"

मी ओली चिपाडं बाजूला काढत राहिले.

तो तिथंच उभा राहिला. "आक्का, बाकीच्यांना ठाऊक न्हाई ना?"

कुणाला बरं वाटावं म्हणून मी जन्मात काही बोललेली नाही.

"न्हाई," मी म्हणाले, आणि चिपाडं उलथायला लागले.