परीक्षेसाठीं राखलेली बाई

श्री. ज्याच्या कृपेनें बोलणारास ऐकणारा मिळतो, त्यास नमन करून हें वर्तमान लिहिलें आहे. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, ते समयीं एक राज्य होतें. राज्य म्हणजे काय, तर मोठ्या सरकारी इस्पितळाच्या मागील अंगास, धुण्याच्या खोल्यांपलीकडे, दोन वॉर्ड, एक ओपीडी आणि एक व्याख्यानाची खोली, इतकाच मुलूख. परंतु प्रजा दुःखी होती आणि दरबार भरत होता, म्हणून राज्यच म्हणावें. तेथें वयांत आलेल्या माणसांच्या मनोविकारांची विद्या शिकवीत. एमबीबीएस उरकून आलेलीं मुलें-मुली तीन सालें तेथेंच राहत, तेथेंच जेवत, मिळेल तेव्हां तेथेंच डोळा लावीत, आणि अखेरीस परीक्षेची लढाई मारून एमडी होऊन बाहेर पडत. राज्याचे धनी श्रीमंत रेगेसाहेब सकाळीं वॉर्डांत स्वारीस निघाले म्हणजे तिन्ही सालांचे निवासी डॉक्टर मागून क्रमानें चालत. सर्जरीचे आणि हाडांचे सरदार यांची थट्टा करीत कीं, तुमचें बरें आहे, गप्पा मारावयाच्या आणि पगार घ्यावयाचा. यावर रेगेसाहेब हंसत, आणि नव्या उमेदवारांस सांगत कीं, बाबांनो, त्यांजपाशीं चाकू आहे, आपणांपाशीं खुर्ची आहे. ती रोग्याजवळ ओढावी, बसावें, आणि आपण होऊन लवकर उठूं नये.

आणि त्या राज्यांत एक वहिवाट पडली होती. परीक्षेस प्रत्यक्ष रोगी लागे. उमेदवारानें त्याजपाशीं बसून सर्व हकीकत काढावी, मग ती परीक्षकांपुढें मांडावी, आणि रोगाचें लक्षण समक्ष दाखवावें. ऐन परीक्षेचे दिवशीं असा रोगी आयता कोठून आणावा? म्हणून ज्याची हकीकत भरदार, ज्यास बोलतां चांगलें येतें, आणि जो पोरांवर चिडत नाहीं, ऐसा रोगी बरा जाहला तरी घरीं न पाठवितां परीक्षेपर्यंत राखून ठेवीत. वाईट हेतु कोणाचाही नव्हता. पोरें पास व्हावीं इतकीच इच्छा, आणि रोग्यास अन्न, औषध, खाट सर्व मिळतच होतें. आणि विचारिलें असतां रोगी नाहीं म्हणत नसे, कारण ज्यांनीं बरें केलें त्यांस नाहीं कोणत्या तोंडानें म्हणावें. मग ती वहिवाट कोणास टोचली नाहीं.

त्या सालीं विमल काटकर नामें एक बाई वॉर्डांत होती. उमर तिशीच्या पुढची, साड्यांस फॉल लावून देण्याचा उद्योग, नवरा भानुदास टेम्पो चालवी, आणि दुर्वा नामें एकच लेक, पहिलीत जाणारी. आदल्या हिवाळ्यांत घरच्या नळांतून माणसें तिजशीं बोलूं लागलीं. पहिल्यानें नांव घेऊन हाका मारीत, मग तिजविषयीं आपसांत कुजबुजत, मग, पाण्यांत घातलें आहे, पोरीला पाजूं नको, ऐसें सांगूं लागलीं. मग तिनें नळास फडकें गुंडाळून दोरीनें आवळून बांधिलें, आणि लेक तहानेनें रडूं लागली तरी सोडीना. तेव्हां भानुदास तिला टेम्पोंत बसवून या राज्यांत घेऊन आला, आणि ती निवासी डॉक्टर शाल्मली खोपकर यांजकडे सोंपविण्यांत आली. बाई येथेंही पाण्यास शिवेना. मग शाल्मलीनें खुर्ची ओढिली, नळाचा पेला भरून पहिला घोट आपण घेतला आणि पेला पुढें केला. विमलबाई तिच्या गळ्याकडे बघत राही, घोट खालीं उतरला, डॉक्टरबाईला कांहीं जाहलें नाहीं, ऐसें पाहून मग आपण दोन घोट घेई. कित्येक दिवस हाच प्रकार चालला. वॉर्डाची सिस्टर थट्टेनें म्हणाली कीं, खोपकर, तिचें मन बरें होईल तेव्हां होईल, तुझी किडनी मात्र फर्स्टक्लास राहणार. मग औषध लागू पडलें, आणि आवाज लांब गेले, मग पुटपुट राहिली, मग तीही गेली. एके सकाळीं विमलबाईनें आपल्या हातानें नळ सोडून तोंड धुतलें, आणि तें पाहून शाल्मली चादरी वाळत घालण्याच्या गच्चीवर जाऊन एकटीच रडली, कारण या विद्येंत ऐसी सकाळ रोज येत नाहीं.

वैशाखांत भानुदास बायकोस न्यावयास आला. शाळा उघडावयाची होती, दुर्वा दुसरीत जाणार होती, आणि पोरीनें हट्ट धरिला होता कीं, शाळेच्या पहिल्या दिवशीं वेण्या आईनेंच घालाव्या, आत्या घालते त्या मधल्या सुट्टीपर्यंत सुटतात. रेगेसाहेबांनीं बाईस तपासून फार समाधान पावून, ही बरी आहे, ऐसें सांगितलें, आणि लागलेंच म्हणाले कीं, परीक्षा तोंडावर आली आहे, तेवढी होईतों राहिली तर आमच्या पोरांवर उपकार होतील, शाळेच्या आधीं खात्रीनें सोडूं. भानुदासास भीड पडली, तो बरें म्हणाला. विमलबाई पिशवी भरून मांडीवर घेऊन बसली होती, ती पिशवी तिनें पुन्हां खाटेखालीं सारिली. मग रोज उमेदवार येत आणि तिजकडून हकीकत काढण्याचा सराव करीत, आणि ती रोज पहिल्यापासून सांगे, फडकें, दोरी, तहान, पोरीचें रडणें, सर्व. एकदां एक उमेदवार अडखळला तेव्हां तीच म्हणाली कीं, झोपेचें विचारावयाचें राहिलें तुमचें. तेव्हां सर्व हंसले, आणि तीही हंसली. परंतु उमेदवार गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. तें सर्वांनीं पाहिलें आणि दमली असेल म्हणून सोडून दिलें.

परीक्षेस परमुलुखांतून सबनीस नामें परीक्षक आले. पुरुष विद्वान आणि न्यायी, परंतु करडा. मागल्या सालीं एका उमेदवारानें लक्षण तोंडी सांगितलें आणि दाखविलें नाहीं, तर त्यास नापास करून सहा महिने मागें लोटिलें होतें, ही दहशत सर्वांस होती. चिठ्ठ्या टाकिल्या, आणि शाल्मलीच्या चिठ्ठीस विमलबाई आली. राज्य लहान, म्हणून ओळखीचा रोगी पडला तरी चालवून घेत. दोघी समोरासमोर बसल्या तेव्हां शाल्मली तोच कागद पुन्हां पुन्हां सरळ करून ठेवीत होती. विमलबाईनें तें पाहिलें.

"खाल्लंत का काही सकाळी?"

"घशाखाली उतरत नाही हो."

"पाणी तरी घ्या घोटभर," विमलबाई म्हणाली, आणि टेबलावरचा पेला पुढें करून हंसली, "का मी घेऊ आधी?"

मग परीक्षक आंत आले, आणि शाल्मलीनें हकीकत उत्तम मांडिली, आणि आवाजांपाशीं येऊन खरें तेंच सांगितलें कीं, आतां आवाज येत नाहींत, बाई बरी आहे. सबनीसांनीं चष्मा काढिला आणि विचारिलें, "बरी आहे? मग आम्हांला दाखवणार काय?" शाल्मली हातांतले कागद चाळूं लागली. खोलीच्या कोपऱ्यांत हात धुण्याचें बेसिन होतें. विमलबाईनें एकदां शाल्मलीच्या तोंडाकडे पाहिलें, मग ती उठली, आणि बेसिनापाशीं जाऊन पदराचें टोंक नळास गुंडाळून दोन्ही हातांनीं दाबून धरिलें, आणि मान वाकडी करून ऐकूं लागली, आणि दबक्या आवाजांत बोलिली, "गप बसा. माझ्या पोरीचं नाव घेऊ नका." तो स्वर ऐसा होता कीं दाराशीं उभ्या शिपायानेंही खालीं पाहिलें. सबनीसांनीं खूण केली, तेव्हां शाल्मलीनें शिकविल्या क्रमानें एकेक प्रश्न विचारिला, आणि विमलबाईनें शेंकडों वेळां दिलेलें उत्तर पुन्हां दिलें, कोठें चुकली नाहीं. परीक्षक संतुष्ट जाहले. बाईस बाहेर नेतांना तिनें पाठमोरी होऊन शाल्मलीचीं बोटें दाबिलीं आणि हळूच विचारिलें, "झालं ना नीट?" तेव्हां शाल्मलीस कळावयाचें तें कळलें.

सबनीस रेगेसाहेबांस म्हणाले कीं, या बाईस घरीं सोडण्याचें तुम्ही मनांत आणिलें कसें, रोग जागा आहे, औषध वाढवा. रेगेसाहेब चकित जाहले आणि मनांतून शरमलेही. रोग उलटतो हें त्यांनीं पुष्कळदां पाहिलें होतें, म्हणून त्यांस तें खरेंच वाटलें, आणि औषध वाढविण्याचा हुकूम लागलाच सुटला. शाल्मली तेथेंच उभी होती. बोलावें तर परीक्षा रद्द होईल, न बोलावें तर बाईस नको तें औषध जाईल, दोन्ही तिला समजत होतें. मग तिनें मनाशीं ठरविलें कीं, निकाल लागूं दे, निकाल लागतांच सांगेन, चार दिवसांनीं काय बिघडतें. विमलबाईनें सिस्टरला सांगून पाहिलें कीं, मीं सोंग केलें, मला कांहीं ऐकूं येत नाहीं. परंतु रोगी घरीं जाण्यासाठीं ऐसें म्हणतात हें त्या राज्यांत पहिल्या सालींच शिकवीत, म्हणून सिस्टरनें तिला मायेनें थोपटलें आणि गोळ्या दिल्या.

निकालास अवकाश होता, आणि शाळेच्या आदल्या दिवशीं भानुदास दुर्वेस घेऊन आला. पोरीच्या मुठींत नव्या लाल रिबिनी होत्या. शाळा उद्यां, पण आईच्या हातची वेणी आजच घालून घ्यावी आणि रात्रभर मोडूं द्यावयाची नाहीं, ऐसा तिचा बेत होता. विमलबाई खाटेवर बसली होती. वाढीव औषधानें मान आंखडलेली, जीभ जड, ओंठाच्या कडेस लाळ, हात कांपत. तरी तिनें लेकीस पुढ्यांत घेतलें आणि फणी केसांत घातली, आणि फणी पडली, आणि उचलून पुन्हां घातली तों पुन्हां पडली. मग दुर्वा हळूच उठून बापामागें जाऊन उभी राहिली. भानुदासास वॉर्डांत सांगितलें होतें कीं आवाज परतले आहेत. पोरीनें त्याचा सदरा ओढून विचारिलें, "आई परत नळाशी बोलते?" त्यानें तिला उचलून घेतलें, आणि रिबिनी खाटेवर राहिल्या. शाल्मली वॉर्डाच्या दारांत उभी होती आणि तिनें हें सर्व पाहिलें.

दुसरे दिवशीं निकाल लागला. शाल्मली उत्तम गुणांनीं पास जाहली, पेढे वांटले गेले, आणि ती पेढा हातांत तसाच धरून रेगेसाहेबांकडे गेली आणि सर्व सांगितलें. पदवी राहते कीं जाते, याचा विचार त्या घडीस तिजपाशीं उरला नव्हता. रेगेसाहेब म्हणाले, "तू चार दिवस गप्प राहिलीस. मी तिला राखून ठेवली, आणि तुला राहायचंय का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही." मग ते स्वतः वॉर्डांत गेले, विमलबाईच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले, तिची क्षमा मागितली, औषध उतरविलें, आणि बरा जाहलेला रोगी परीक्षेकरितां राखण्याची वहिवाट त्या दिवसापासून बंद केली. सबनीसांसही त्यांनीं कळविलें. त्यांचें उत्तर आलें कीं, मुलीनें हकीकत खरी सांगितली होती, मींच ती पुरी धरिली नाहीं, निकाल राहूं द्यावा.

परंतु भानुदास आतां बायकोस नेईना. शाल्मली त्याच्या घरीं गेली आणि बाईनें सोंग माझ्यासाठीं केलें, ती बरीच होती, ऐसें हात जोडून सांगितलें. त्यानें चहा दिला, सर्व ऐकून घेतलें, आणि म्हणाला, "डॉक्टरबाई, तुम्ही मनाच्या चांगल्या. तिला बरं वाटावं म्हणून सांगताय. पण माझी पोर लहान आहे." मग तिनें पुन्हां सांगितलें, आणि त्यानें पुन्हां मान डोलाविली. दसरा होऊन गेला तेव्हां तो बायकोस घेऊन गेला.

मग मार्गशीर्षांत विमलबाई ओपीडींत औषध न्यावयास आली. शाल्मली तेव्हां त्याच राज्यांत शिकविण्याच्या जाग्यावर बसली होती. तिनें खुर्ची ओढिली आणि दुर्वा कशी आहे, ऐसें विचारिलें.

"हुशार आहे. वेण्या आपल्या आपण घालते आता, घट्ट घालते. मी नळ सोडला की मात्र हातातलं टाकून येते, नि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहते."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार. पेला भरते. एक घोट मी घेते, मग तिला देते."

"घेते ती?"

"थांबते थोडी. माझ्या गळ्याकडं बघते. मग घेते."

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. वहिवाट मोडली, उमेदवारास पदवी मिळाली, बाई बरी आहे. दुसरीच्या पहिल्या दिवसाची वेणी तेवढी राहिली, ती आतां कोणाच्या हुकुमानें घालतां येत नाहीं. घडलें तें लिहून येथें हात आंवरिला असे.