धवलारणीचा नवरा

हिरादादा गाण्यांचं सुतक पाळायचा. कुणी माणूस गेलं की त्या माणसाचं जे गाणं असेल ते वर्षभर वाजवायचं नाही. वाजत असेल तर बंद करायला लावायचं, आणि बंद झालं नाही तर तिथून उठून जायचं.

आता माणसाचं गाणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. हिरादादा आणि मी रोह्याच्या एका कंपनीत कामाला. तो बॉयलरवर, मी लॅबमध्ये. पेणहून कंपनीची बस सुटायची आणि आमचा ड्रायव्हर नरेश गाणी लावायचा. हिरादादाला सिनेमा, गायक, संगीतकार यातलं काही ठाऊक नसे. त्याच्यासाठी एक गाणं होतं 'साहेबाची बढती', कारण साहेबांना बढती मिळाल्याचं कळलं तेव्हा बसमध्ये ते वाजत होतं. दुसरं होतं 'घरताची पोरगी झाली ते'. एक फार सुंदर, रडवेलं गाणं होतं, त्याला तो 'नरेशचं पंक्चर' म्हणायचा. त्यामुळे ते गाणं आम्हा कुणालाच पुढे कधी गंभीरपणे ऐकता आलं नाही.

माझ्या वडिलांचंही गाणं होतं. ते गेल्यानंतर मी पहिल्यांदा कामावर निघालो, तेव्हा बसमध्ये जे लागलं होतं ते. "हे तुझ्या बापाचं हाय," एवढंच म्हणून हिरादादानं नरेशला ते बंद करायला लावलं. मला तेव्हा त्याचा रागच आला होता. वर्ष सरल्यावर एका सकाळी तो आपणहून नरेशला म्हणाला, "वरीस झालं. लाव आता सुरेसच्या बापाचं." कासू गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

खांब गावात आमच्यातल्याच एकाच्या मुलीचं लग्न होतं. बेंजो पार्टी रंगात आली होती आणि त्यांनी नेमकं स्टोअरमधल्या घरताचं, ते पोरगी झाल्याचं गाणं काढलं. घरत नुकताच वारला होता. हिरादादा गर्दीतून पुढे गेला आणि त्यानं बेंजोवाल्याच्या हातावर आपला पंजा ठेवला. "थांब बाबा. मालक गेलाय."

बेंजोवाल्यांना वाटलं, आपल्या पार्टीचा मालक गेला. ढोलकीवाला मटकन खाली बसला. एकानं रडत रडत मालकाच्या घरी फोन लावला, तर तो मालकानंच उचलला आणि वाजवायचं सोडून फोन कसले करताय म्हणून त्याला शिव्या घातल्या. नवऱ्यामुलाचे मामा हिरादादाला मारायला धावले. तो शांतपणे म्हणाला, "मी गान्याचा मालक म्हनलो."

बायकोचं गाणं मात्र त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

त्याची बायको, जनावहिनी, धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला बायका धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणतात. ते पुढे होऊन सांगणारी ती धवलारीण, आणि तिच्या मागून ओळ झेलणाऱ्या बाकीच्या. धरमतरच्या खाडीकडच्या गावांतून वहिनीला बोलावणं यायचं. हिरादादा तिला घेऊन जायचा, मांडवाच्या दारात सोडायचा आणि स्वतः बाहेर बेंजो पार्टीजवळ जाऊन उभा राहायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, "आत काय, घरातलंच हाय."

शिमगा नुकताच झाला होता तेव्हा वहिनी गेली. हिरादादा पुन्हा बसमध्ये आला त्या सकाळी नरेशनं गाडी चालू करण्याआधी मागे वळून विचारलं, "दादा, वयनीचं कुठलं ते सांग. नाय लावत वरीसभर."

हिरादादा आपल्या जागेवर जाऊन बसला. मग म्हणाला, "लाव काय पन. तिचं असं काय नाय."

बसमध्ये सगळ्यांच्या मनाला ते लागलं. ज्यानं साहेबाच्या बढतीलासुद्धा गाणं दिलं, त्याला बायकोसाठी एक सापडू नये? उतरताना एकजण माझ्या कानाशी म्हणाला, "दगड हाय दगड."

पुढे तो रिटायर झाला. आणि मग ऐकू येऊ लागलं की हिरादादा बोलावणं नसताना लग्नांना जातो. पेणपासून कासूपर्यंत कुठल्याही गावात मांडव दिसला की हा हजर. एकटा माणूस, जेवणाचे हाल होत असणार, असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. माझी बायको त्याला अधूनमधून डबा पाठवू लागली. तो डबा धुऊन परत आणून द्यायचा, पण लग्नांना जाणं काही थांबलं नाही.

एका रविवारी दुपारी तो घरी आला. चहा नको म्हणाला. "तुझ्या पुतन्याच्या हलदीचा व्हिडिओ हाय ना? लाव."

त्या हळदीला धवलारीण वहिनीच होती. मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. पाटावर नवरामुलगा, शेजारी हिरव्या लुगड्यात वहिनी. तिनं मान किंचित तिरकी केली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. व्हिडिओवाल्यानं सगळ्या हळदीवर सिनेमातलं एक गाणं टाकलं होतं.

हिरादादा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. "आवाज वाडव."

मी वाढवला. सिनेमाचं गाणं घरभर झालं.

"हा नाय. आतला वाडव."

"आतला वेगळा वाढवता येत नाही, दादा. त्यांनी तो काढूनच टाकलाय."

तो तसाच उभा राहिला. पडद्यावर वहिनीचे ओठ हलत होते. "कुनाचं गानं घातलान हिच्या तोंडात," तो म्हणाला आणि खाली बसला.

मग तो जमिनीकडे बघत बोलू लागला. "सगल्यांची गानी माझ्या ध्यानात हायत रं सुरेस. हिचंच नाय. मी कवा आयकलंच नाय. भायेरच उभा रायलो. बायका म्हनतात, मी जाऊन आयकतो. पन ते ज्याचं त्याचं असतंय. तिच्यावानी कुनी म्हनत नाय."

ही सगळी लग्नं तो कशासाठी फिरत होता, ते मला तेव्हा कळलं.

मीच चौकशी केली. वहिनीच्या मागून झेलणारी एक सुमन म्हणून होती, ती लग्न होऊन कासूकडे गेली होती आणि आता स्वतः धवले सांगत होती. तिथल्या एका लग्नाला मी हिरादादाला स्कूटरवर घेऊन गेलो. सकाळची वेळ होती. पुरुषमंडळी बाहेर खुर्च्यांवर बसली होती. हिरादादा सरळ मांडवात शिरला आणि बायकांच्या मागे एका खांबाला टेकून बसला. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या.

सुमननं सुरुवात केली. पहिली ओळ झाली, दुसरी निम्म्यावर आली, आणि एका शब्दाच्या मधोमध ती थांबली. एक श्वास गेला. मागच्या सगळ्या पोरीही तिच्याबरोबर थांबल्या. मग तिनं उरलेला अर्धा शब्द उचलला. पुढच्या कडव्यात पुन्हा तसंच, त्याच जागी.

हिरादादानं मान वर केली होती. त्याचा हात छातीवर होता.

धवला संपल्यावर तो सुमनजवळ गेला. "मदीच का थांबतेस गो?"

"तिथं थांबायचंच असतं, दादा," ती म्हणाली. "जनावयनीनं तसंच शिकवलंय. या पोरींना पन मी तसंच शिकवते."

त्यानं मान हलवली आणि बाहेर आला. मला वाटलं, निघायचं असेल. मी स्कूटर सुरू केली. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"तिथं थांबायचं नसतंय रं," तो हळूच म्हणाला. "दमा व्हता तिला. घरात बोलताना पन अशीच मदीच धाप लागायची."

"मग सुमनला सांगितलं का नाहीस?"

आत पुढचा धवला सुरू झाला. तो वळला आणि पुन्हा मांडवात जाऊन बसला. मी स्कूटर बंद करून स्टँडवर लावली.