सव्विसावा भाग आणि आमचे विभागीय संमेलन

एखादी गोष्ट चार माणसांना मनापासून आवडू लागली, की तिचा वेळीच बंदोबस्त करावा लागतो. आवड मोकाट सुटली तर माणसे नुसतीच आनंदात राहतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून समिती असते. आमच्या विभागीय ॲनिमे संमेलनाचा अकरा वर्षांचा इतिहास हा अशाच एका यशस्वी बंदोबस्ताचा इतिहास आहे.

(ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. तिला ‘कार्टून’ म्हणणाऱ्याला घटनेच्या कलम चारनुसार सभागृहाबाहेर उभे करतात. संस्थापक मावशी तिला आजही कार्टूनच म्हणतात, त्यामुळे त्यांची बरीचशी संमेलने व्हरांड्यातच गेली.)

पहिले संमेलन इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत भरले. संमेलन भरले आहे हे हजर असलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या मावशी, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा त्यांचा भाचा, खालचा इस्त्रीवाला आणि आणखी आठ जण एका सव्वीस भागांच्या मालिकेच्या सीडी घेऊन चादरीवर बसले आणि दोन दिवसांत पंचवीस भाग पाहिले. मावशींनी भाच्याला मालिकेतल्यासारखा लाल अंगरखा शिवून आणला होता. घाईत त्याची उजवी बाही वीतभर लांब झाली होती. पंचविसावा भाग संपला आणि घरमालक किल्ली मागायला आला. तेव्हा जिन्यातच उभे राहून अकरा जणांनी शपथ घेतली: उरलेला भाग पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून पाहायचा, तोवर कुणी एकट्याने पाहायचा नाही.

एवढ्या एका शपथेवर संस्था उभी राहिली. पाया भक्कम असावा तो असा.

दुसऱ्या वर्षी सभासद चाळीस झाले आणि त्यांच्यात मूळ आवाजवाले व डबिंगवाले असे दोन पक्ष पडले. मूळ आवाजवाल्यांना पडद्यावर खाली येणारी भाषांतराची अक्षरे हवी होती. डबिंगवाल्यांचे म्हणणे, वाचायचेच असते तर घरी शाळेची पुस्तके पडली होती. शेवटी तोडगा निघाला की आवाज बंद ठेवावा आणि अक्षरांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे अन्याय दोघांवर सारखा होईल. चिकटपट्टी कोणत्या पक्षाने लावायची यावर चर्चा चालू असताना वीज गेली आणि भाग राहूनच गेला. तिसऱ्या वर्षी प्रमुख पाहुणे आणले. ते पाणीपुरवठ्याचे निवृत्त अभियंते होते. “या विषयातलं मला काहीच कळत नाही,” असे प्रामाणिकपणे सांगून ते एक तास पन्नास मिनिटे बोलले. त्यांना चौथ्या, पाचव्या आणि सातव्या वर्षीही बोलावण्यात आले. (सहाव्या वर्षी ते आजारी होते. त्यांचे भाषण वाचून दाखवले.)

दरम्यान भाचा अध्यक्ष झाला. मावशींचा तो लाल अंगरखा अध्यक्षांचा अधिकृत पोशाख ठरला. बाहीची लांबी कलम अकरामध्ये नमूद आहे. ती आखूड करता येत नाही.

सहाव्या वर्षी खरा चाहता कोण, हे ठरवण्यासाठी लेखी परीक्षा सुरू झाली. नमुन्यादाखल प्रश्न: सीडीच्या वेष्टनाची जाडी किती? मालिकेच्या नावातल्या तिसऱ्या अक्षराची उंची किती? निर्मात्याच्या कार्यालयाला जिने किती? एक मुलगी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवून पहिली आली. तिने मालिका पाहिली नव्हती. अभ्यासामुळे वेळ झाला नाही. मावशींना एकतीस गुण पडले. उत्तरपत्रिकेत त्यांनी बाकीचे प्रश्न सोडून मालिका पाहताना आपण तीन ठिकाणी का रडलो हे लिहिले होते. परीक्षकांनी त्यावर ‘विषयांतर’ असा शेरा मारला. उत्तीर्णांना पुढच्या रांगा मिळाल्या, नापासांना भिंतीला टेकून शेवटची.

शपथेचे म्हणाल तर आठ वर्षांत ती कुणीही मोडली नाही. याबद्दल समितीला अभिमान आहे. (तो भाग पाहावा अशी इच्छाच कुणाला उरली नव्हती, हा तपशील गौण आहे.)

नवव्या वर्षी मावशींना सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, नजरेचा मधला भाग जातो आहे, कडा राहतील. जे काही नीट बघायचे असेल ते दोनेक वर्षांत बघून घ्या. समोर माणूस आला तर मावशींना त्याचे कान दिसत, चेहरा नाही. त्या तडक भाच्याच्या काउंटरवर गेल्या.

“बाळ्या, यंदा तेवढा भाग लाव रे.”

“मावशी, तो विषय कार्यक्रमपत्रिकेत नाही.”

“बावीस मिनिटांचं कार्टून ते! त्याला पत्रिका कशाला? लग्न लावतोयस का त्याचं?”

“ॲनिमे म्हण गं. लोक ऐकतायत.”

“लोक खोकल्याचं औषध घ्यायला आलेत. तुझं नाक पुसलंय मी, आणि मला कलमं सांगतोस?”

अध्यक्षांनी विषय सहानुभूतीपूर्वक विचारार्थ घेतला आणि तीन प्रतींत अर्ज मागवला. अर्ज परत आला, कारण सही चौकटीबाहेर गेली होती. चौकट कागदाच्या मधोमध होती. मावशींनी पुन्हा सही केली, ती पुन्हा बाहेर गेली. असे दहावे वर्ष संपले.

अकराव्या वर्षी मात्र इस्त्रीवाल्याने सभेत उभे राहून, हातातला पाण्याचा फवारा न ठेवता, सरळ विचारले, “बाईला भाग दाखवताय की नाही?” संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत असभ्य प्रश्न होय. नाइलाजाने सीडी ठेवलेले संस्थेचे कपाट उघडायचे ठरले. कपाटाला तीन कुलपे होती आणि किल्ल्या तीन पदाधिकाऱ्यांकडे होत्या. हे तिघे एकमेकांशी बोलत नसत (सुरक्षेची व्यवस्था याहून चोख असू शकत नाही). ते पाठोपाठ आले, आपापले कुलूप काढून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अध्यक्षांनी आतून सव्विसाव्या भागाची सीडी काढली.

ती लॅमिनेट केलेली होती.

जतन उपसमितीने सातव्या वर्षी अतिशय मेहनतीने दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिक चढवून, कडा सील करून, खाली शिक्का मारला होता. काम इतके सुबक होते की सभागृहात उत्स्फूर्त टाळ्या पडल्या.

“आता ही लागणार कशी रे?” मावशींनी विचारले.

“मावशी, ही लावायची वस्तू नाही आता. ठेवा आहे तो.”

मावशींनी पिशवीतून कापड कापायची मोठी कात्री काढली.

“मावशी, हात लावू नकोस! मधे काही झालं तर? तुला दिसत नाही!”

“मधलं नाही दिसत. कडा दिसतात अजून,” असे म्हणून मावशींनी बिनचूक कडेकडेने कात्री फिरवली, प्लास्टिक सोलून अध्यक्षांच्या हातात दिले आणि सीडी पदराने पुसत इस्त्रीवाल्याबरोबर निघून गेल्या.

इस्त्रीच्या दुकानात त्या छोट्या टीव्हीला जवळजवळ गाल लावून, मान तिरकी करून बसल्या. बावीस मिनिटांत इस्त्रीवाल्याने गिऱ्हाईकाचा एक शर्ट पाठीवर जाळला. दोघांनाही वास आला नाही.

त्याच वेळी सभागृहात मावशींना शपथभंगाबद्दल काढून टाकण्याचा ठराव एकमताने संमत झाला. अध्यक्षांचा हात वर गेला की नाही हे बाहीमुळे दिसले नाही. तो गेला असे धरण्यात आले. शेवटच्या भागात काय झाले, असे मात्र कुणीही विचारले नाही. प्लास्टिकचे रिकामे वेष्टन कपाटात परत ठेवले असून तिन्ही कुलपे लावली आहेत.

वाचकहो, संमेलनाचा इतिहास इथे संपतो. कलमे, गुण आणि किल्ल्या तुम्ही मन लावून वाचल्यात. पण ही मालिका होती कसली, तिचे नाव काय, मावशी त्या तीन ठिकाणी कशाने रडल्या, हे एवढ्या वेळात तुमच्याही तोंडून निघाले नाही. समितीने याची नोंद घेतली आहे. तुम्हाला परीक्षेशिवाय आजीव सभासदत्व देण्यात येत आहे. दोन फोटो घेऊन या. जागा पुढच्या रांगेत राखून ठेवली आहे.