अकरा मार्च, साडेचार

सोमवारी सकाळी ग्रंथपालांच्या टेबलावर दोन संगणक शेजारी शेजारी आले. डावीकडच्यावर ग्रंथालयाचा एकवीस वर्षांचा जुना प्रोग्रॅम होता. तो ज्या भाषेत लिहिला होता, तिची ती आवृत्ती आता कुठे चालत नव्हती. उजवीकडच्यावर तोच प्रोग्रॅम होता, पण यंत्राने आपोआप नव्या आवृत्तीत उतरवलेला. दोन्ही सारखेच वागतात का, हे आठवडाभर तपासायचं आणि शुक्रवारी ग्रंथपालांनी सही करायची. सही झाली की डावीकडचा कायमचा बंद.

हे काम घेऊन तपासणीच्या बाई आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणाऱ्या.

“सही काय, लगेच करता येईल,” त्या म्हणाल्या. “यंत्रानं कालच सगळ्या टेस्ट पास केल्या. चारशे अकरापैकी चारशे अकरा.”

“चारशे बारा होत्या,” ग्रंथपाल म्हणाले.

“काय?”

“तुम्ही मागच्या आठवड्यात यादी दिलीत, ती चारशे बाराची होती.”

ग्रंथपालांचं आयुष्य पुस्तकं मोजण्यात गेलं होतं. कपाटातून एक पुस्तक गेलं तर त्यांना जेवण जात नसे. शिवाय सही जितकी लांबेल तितकी त्यांना हवीच होती. डावीकडचा प्रोग्रॅम त्यांच्या बायकोने लिहिला होता. ती जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या साड्या मुलीने नेल्या, चष्मा खणात पडून होता. रोज सकाळी उठून कामाला लागणारं तिचं असं एवढंच उरलं होतं. हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही.

बाईंनी कपाळावरचा चष्मा शोधून डोळ्यांवर घेतला आणि यादी लावून पाहिली. “अगं बाई! जी टेस्ट जमली नाही, ती यंत्रानं खोडूनच टाकलीय!”

“हुशार आहे.”

“माझा पुतण्या असंच करतो. नापास झाला की प्रगतिपुस्तक गायब.”

खोडलेली टेस्ट अशी होती: ‘अकरा मार्च, दुपारी साडेचार. बंद होण्याची घंटा वाजते. देवघेव थांबते.’ एरवी प्रोग्रॅम ही घंटा रोज सहाला वाजवत असे.

“हा तर दोष आहे,” ग्रंथपाल म्हणाले. “दरवर्षी होतो. मीच एकोणीस तक्रारी केल्यात.”

“म्हणून तर टेस्ट केली. तुमच्या फाईलमधूनच घेतली. जुना जे करतो ते नव्यानं आधी जसंच्या तसं करायचं, चूकसुद्धा. मग काढायची असेल तर तुम्ही लेखी सांगायचं.”

फाईलमध्ये एकोणीस पत्रं आणि एकोणीस उत्तरं होती. पत्रं ग्रंथपालांची. उत्तरं प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीची, म्हणजे त्यांच्या बायकोची, कारण कंपनीत या प्रोग्रॅमचं काम तीच बघायची. प्रत्येक उत्तर एकच: ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे. चौकशी सुरू आहे.’ त्या दिवशी संध्याकाळी ती चहा गाळता गाळता म्हणायची, “आज तुमच्या ग्रंथालयाचं पत्र आलं हो. फार कडक लिहितात तुमचे ग्रंथपाल.”

“मग चौकशीचं काय झालं?”

“ते कार्यालयीन वेळेत विचारा.”

गेली दोन वर्षं त्यांनी पत्र पाठवलं नव्हतं. पाठवणार कोणाला?

बाईंनी यंत्राला बजावलं की टेस्ट खोडायची नाही, पास करायची. यंत्राने दहा मिनिटांत पास केली. मंगळवारी दुपारी नवा प्रोग्रॅम खऱ्या कामावर लावला, तर साडेचारला घंटा वाजली.

“आज आठ तारीख ना?” बाईंनी विचारलं.

“आठच.”

अकरा मार्चला साडेचारला बंद व्हायचं म्हटल्यावर यंत्राने रोजच साडेचारला बंद करून टाकलं होतं. म्हणजे अकराला झालंच की! वाचक मुकाट्याने उठले, फक्त कोपऱ्यातले आजोबा बसून राहिले. ते वीस वर्षं त्याच खुर्चीत त्याच खिडकीखाली बसत होते. “मी अग्रलेखाच्या मध्यावर आहे,” ते म्हणाले. “घंटेला सांगा.”

बुधवारी बाईंनी यंत्राला आणखी स्पष्ट सांगितलं, रोज नाही, फक्त अकरा मार्चला. यंत्राने तेही ऐकलं. त्याने आतलं कॅलेंडरच अकरा मार्चवर थांबवलं. सगळ्या टेस्ट पास.

ती दुपार पुढे बरेच दिवस ग्रंथपालांच्या लक्षात राहिली. पंखे हळू फिरत होते. खिडकीतून आलेलं ऊन टेबलांवरून सरकत होतं आणि काउंटरवरून निघणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर अकरा मार्च छापलेलं होतं. माणसं अजून न आलेल्या दिवसाची चिठ्ठी पुस्तकात घालून शांतपणे घरी जात होती. कोणी वाचूनसुद्धा बघत नव्हतं. ग्रंथपालांनी एक चिठ्ठी हातात धरली आणि त्यांना उगाच वाटलं की आता घरी जावं, दार उघडं असेल, आणि ती नवी साडी नेसून, पर्स काखेला लावून तयार उभी असेल. दरवर्षी असायची. “आलात? बरं झालं. आता आलाच आहात, तर बाहेर जेवू.”

साडेचारला घंटा वाजली. आजोबांनी पेपर खाली केला. “आता रोजच का हो?”

गुरुवारी बाई वैतागल्या. “मरो ते यंत्र. मीच वाचते जुना कोड.” त्या तासभर डावीकडच्या संगणकात डोकं घालून बसल्या. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

“ग्रंथपाल, हा बिघाड नाहीये. हे मुद्दाम लिहिलंय.”

“मुद्दाम?”

“अकरा मार्चला काय असतं?”

“काही नसतं. सिस्टीम बंद पडते.”

“या ओळीच्या वर एक टीप आहे. रोमन अक्षरात, पण मराठीत. वाचू?”

“वाचा.”

“‘ही ओळ काढू नये. ते स्वतःहून उठत नाहीत.’”

ग्रंथपालांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ऑफिसातली अकरा तारीख आणि घरातली अकरा तारीख एकच असते, हे एकवीस वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

“तिचा वाढदिवस,” ते म्हणाले.

नातेवाइकांत ते छाती फुगवून सांगत, की बायकोच्या वाढदिवसाला मी एकदाही उशिरा घरी गेलो नाही. ती शेजारी बसून मान डोलवायची. आणि गेल्या दोन्ही अकरा मार्चला, घंटा वाजून सगळे गेल्यावर, ते सहापर्यंत इथेच बसून राहिले होते. घरी जाऊन करायचं काय?

ते उठून माठाकडे गेले, पाणी न पिताच परत आले.

“मग काढायची का ओळ?” बाईंनी हळूच विचारलं. “तुमच्या एकोणीस तक्रारी आहेत.”

“फाईल द्या इकडे.”

बाईंनी ती ओळ टिपेसकट हाताने नव्या प्रोग्रॅममध्ये उतरवली. चारशे बारापैकी चारशे बारा. शुक्रवारी सकाळी ग्रंथपालांनी सही केली. ‘ज्ञात दोष’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘नाही’. मग स्वतःच्या हाताने डावीकडचा संगणक बंद केला.

दुपारी साडेचारला घंटा वाजली. आजोबांनी पेपराची घडी घातली. “आज अकरा ना? मग बरोबर आहे.”

ग्रंथपाल पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी बाहेर पडले. घरी मुलगी आली होती.

“बाबा! इतक्या लवकर?”

“सिस्टीम बंद पडली.”

“अजून? नवीन आणली ना?”

“नवीनच.”

“मग तक्रार करा की!”

“नोंद घेतली आहे. चौकशी सुरू आहे,” ते अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले. “तू चपला घाल. आता आलोच आहे, तर बाहेर जेवू.”