आपल्याच घरचं कार्य समजा!

माणसाचं वजन ओळखण्यात मी कधी चुकत नाही! चुकेन कसा? इथं फिजीत साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या जोखण्यात माझी अख्खी नोकरी गेली. गाडी वळणावर दिसली की मी आकडा सांगायचो, आणि काटा नंतर मुकाट्यानं तोच दाखवायचा. निवृत्त झालो, गाड्या संपल्या, म्हणून मग मी माणसं जोखायला लागलो. कोण कामाचा, कोण बिनकामाचा, कुणाच्या शब्दाला कौन्सिलमध्ये वजन आहे, हे मी एका नजरेत सांगतो. त्यामुळेच आमच्या वुनीवी गल्लीनं मला रहिवासी समितीचा अध्यक्ष केलं. म्हणजे, प्रस्ताव मी मांडला आणि बाकीचे त्या वेळी चहा घेत होते. विरोध कुणी केला नाही, एवढं खरं.

अध्यक्ष झाल्यापासून मी कौन्सिलला झोपू दिलं नाही. दिवा गेला, तक्रार! भटकी कुत्री आली, तक्रार! ‘गटार स्वच्छ ठेवा. हुकमावरून, अध्यक्ष कुपसामी’ असा पत्र्याचा ऐसपैस फलक मी पदरमोड करून लावला होता. त्यात गटारापेक्षा कुपसामी मोठा दिसतो, असं आमच्या सुकवंतीचं म्हणणं. सुकवंती म्हणजे माझी बायको. चक्रीवादळात तो फलक उडाला, तेव्हा मी त्याचीही तक्रार केली. कौन्सिलनं आमचा फलक शोधून द्यावा! कुत्री पुन्हा आली, पुन्हा तक्रार! प्रत्येक वेळी उत्तर यायचं, ‘आपण कळवलंत, आम्ही आभारी आहोत.’ इतके आभार माझ्या सासऱ्यांनीही कधी मानले नव्हते.

पण यंदा गाठ गटाराशी पडली. पावसाची एक सर आली की गटार उलटं वाहायचं आणि सगळं पाणी आमच्या अंगणात. एरवी मी धीर धरला असता, पण शनिवारी आमच्या अर्तिकाचं लग्न! पलीकडच्या बेटावरून, लंबासाहून, वऱ्हाड बोटीनं निघणार, अंगणात मांडव उभा, आणि मांडवात बेडकं बसलेली.

“आपण हॉल घेऊ,” मी म्हणालो.

“हॉल?” सुकवंतीनं हातातला झारा खाली ठेवला. ती झारा खाली ठेवते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. “माझी पोर या अंगणात रांगली. ती निघेल ती याच अंगणातून. हॉलमधून काय निघायचं, सिनेमा सुटल्यासारखं?”

 अर्तिका नुसती अंगणातल्या पाण्याकडे बघत बसली. 

“काळजी करू नकोस,” मी म्हणालो. “सोमवारी कौन्सिलचा इन्स्पेक्टर येतोय. त्याला कसा गुंडाळतो बघ!”

बेत पक्का होता. बाजारात जाऊन यांगोनाच्या, म्हणजे इथल्या मानाच्या पेयाच्या, मुळांची उत्तमातली उत्तम जुडी आणली. आमच्याकडे कुणाकडे काही मागायचं तर रिकाम्या हातानं मागत नाहीत. मांडी घालून बसायचं, जुडी पुढे धरायची आणि बोलायचं. समोरच्यानं जुडी उचलली की तुमचं मागणं त्याच्या गळ्यात पडलं. मग तो सुटत नाही! इन्स्पेक्टरच्या गळ्यात एकदा गटार घातलं की शनिवारपर्यंत अंगण खडखडीत.

सोमवारी कौन्सिलचा ट्रक आला. त्यातून दोघं उतरले. पहिले इन्स्पेक्टर फोंग. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हेल्मेट, हातात टेप. मी जोखलं: माणूस वजनदार. दुसरा ड्रायव्हर, सेवानाया नावाचा. ढगळ शर्ट, कानामागे फूल, ट्रकला टेकून डोळे मिटलेला. मी जोखलं: ड्रायव्हर. बाजूला ठेवला.

फाटकाशी चटई टाकून मी बसलो. अख्खी गल्ली बघत होती. समोरच्या ओट्यावर बुबू लिटिया, म्हणजे साऱ्या गल्लीची आजी, पंखा हलवत बसली होती. मी दोन्ही हातांनी जुडी पुढे धरली आणि मुद्दाम फिजियन भाषेत सुरुवात केली. बोलता बोलता मला जरा जोरच चढला.

“साहेब, हे गटार, ही गल्ली, आम्ही सगळे तुमच्या पदरात! शनिवारी माझ्या लेकीचं लग्न आहे. माझं कसलं, तुमचंच आहे. आपल्याच घरचं कार्य समजा!”

फोंगसाहेब साप दिसल्यासारखे मागे सरकले.

“मिस्टर कुपसामी, हे काय? भेटवस्तू?”

“भेट नाही हो, रीत आहे!”

“नवा नियम आहे. पेनसुद्धा घ्यायचं नाही!”

“अहो, पण रीत...”

“रीतीलाही नियम लागू आहे!” आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

झालं! मी जुडी पुढे धरून तसाच. मागे घ्यावी तर नाक कापलं जातं, पुढे धरावी तर हात भरून येतात.   तेवढ्यात ट्रकला टेकलेल्या ड्रायव्हरनं डोळे उघडले. त्यानं कानामागचं फूल काढलं, टोपी काढली, सावकाश चालत आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. जुडी हातात घेतली. खालच्या आवाजात बराच वेळ काहीतरी बोलला, पोकळ हातांनी तीन टाळ्या वाजवल्या, आणि माझी जुडी घेऊन ट्रकमध्ये जाऊन बसला!

फोंगसाहेबांनी गटार मोजलं. “काम मोठं आहे,” ते म्हणाले. “रस्त्याखालच्या मोरीत काहीतरी अडकलंय. मशीन लागेल. यादीत तुमचा नंबर महिनाअखेरीस येतो. कळवल्याबद्दल आभारी आहोत.”

ट्रक गेला. मी चटईवरच ओरडलो, “माझी जुडी ड्रायव्हरनं लांबवली!”

“वजन चुकलं वाटतं,” सुकवंती म्हणाली.

बुबू लिटिया ओट्यावर हसून हसून आडवी व्हायची बाकी होती. “अरे पोरा, लांबवली कसली! तुझी लाज राखली त्यानं. तो सेवानाया कोण आहे, ठाऊक आहे? वरच्या नदीकाठच्या गावाचा प्रमुख आहे. ट्रक पगारासाठी चालवतो.”

“मग आता?”

“आता काय? तू म्हणालास आपल्याच घरचं कार्य समजा. त्यानं समजलं!”

असं आमच्यात सगळ्यांनाच म्हणतात हो! पत्रिका देताना पोस्टमनलाही म्हणतात. कुणी समजत नाही!

गुरुवारी सकाळी अर्तिकाला हळद लावायची तयारी चालली होती, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोन लॉऱ्या आणि एक बस थांबली. त्यातून गाव उतरलं. अर्धंमुर्धं नाही, गाव! पुरुषांच्या खांद्यावर फावडी, बायकांच्या डोक्यावर चटयांच्या गुंडाळ्या, दालोचे कंद, कसाव्याच्या टोपल्या. पुढे सेवानाया, सुट्टी टाकून आलेला, नवा कोरा सुलू नेसलेला. आणि त्याच्या मागे दोघांनी दोरीनं ओढत आणलेलं एक भलंमोठं डुक्कर!

“बुला, भावा!” सेवानायानं मला कवटाळलं. “आधी गटार, मग मांडव, मग जेवण. तू नुसता बस.”

सुकवंती हळदीचे हात घेऊन बाहेर आली. लग्नघर आमचं! आठवडाभर घरात अंड्याचं कवचसुद्धा नाही!

“अहो, ते काय आहे?”

“पाहुणे.”

“पाहुणे असे किंचाळत नाहीत!”

“घरचं कार्य आहे, ताई,” सेवानाया मोठ्या प्रेमानं म्हणाला. “आमच्या घरी याच्याशिवाय कार्य होत नाही.”

आता सांगा! नको म्हणावं तर त्याचा अपमान, हो म्हणावं तर पंडितजी मांडवातून उठून जाणार आणि लंबासाचं वऱ्हाड उलट्या बोटीनं परतणार. मी अध्यक्षाला शोभेल असा मार्ग काढला. “सेवानाया भाऊ, एवढी मोलाची वस्तू इथं उन्हात नको. बुबूच्या परसात सावली आहे. मी स्वतः नेऊन बांधतो.”

“ओढ आहे हां त्याला,” तो म्हणाला.

“मला सांगता? वजनं जोखण्यात जन्म गेला माझा!” मी दोरी मनगटाला गुंडाळली.

वजन मी बरोबर ओळखलं होतं. ओढ ओळखायची राहिली. डुकरानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते निघालं! हळदीच्या ताटावरून, मांडवाच्या खांबाला वळसा घालून, नव्या चटयांवरून, त्याच्या मागे मी, कधी पायांवर, कधी पोटावर! “दोरी सोडा!” सुकवंती ओरडली. अहो, गुंडाळलेली दोरी सुटते का? गटाराच्या काठावर ती तुटली, म्हणून मी काठावर राहिलो. डुक्कर गटारात उतरलं, रस्त्याखालच्या मोरीत घुसलं आणि तिथं घट्ट अडकलं. मग त्यानं जो आवाज काढला, तो ऐकून पंडितजी फाटकातूनच मागे फिरले.

गावच्या लोकांनी तोवर इकडचं गटार उपसून आरसा केला होता. पण मोरी रस्त्याखाली, वर सिमेंटचा स्लॅब. तिथं फावडं चालेना. मी चिखलानं माखलेल्या हातानं कौन्सिलला फोन लावला.

“डुक्कर अडकलंय मोरीत!”

“जिवंत आहे का?” पलीकडच्या बाईनं विचारलं.

“तुम्हीच ऐका!” मी फोन मोरीपाशी धरला.

“अरे देवा! आलोच!”

आणि आले! चहा उकळायच्या आत आले. मशीन आलं, प्राण्यांचा डॉक्टर आला, वाहतूक थांबवायला माणूस आला, आणि सगळ्यांच्या पुढे हेल्मेट सावरत फोंगसाहेब धावत आले.

“जिवाचा प्रश्न असला की यादी लागत नाही, मिस्टर कुपसामी.”

“हे सोमवारी का नाही सांगितलंत?”

“सोमवारी तुमच्याकडे डुक्कर नव्हतं.”

मशीननं स्लॅब उचलला. सेवानाया नव्या सुलूसकट गटारात उतरला. डुकराच्या कानाशी काहीतरी बोलत, थोपटत त्यानं त्याला मागे मागे ओढलं. डुक्कर बाहेर आलं, अंग झाडलं आणि सगळ्यांना सारखा चिखल वाटला. मोरीत मात्र पाणी तुंबलेलंच. काहीतरी आडवं बसलं होतं. सहा जणांनी आकडा लावून जोर केला. कर्रकन आवाज झाला, पाणी धो धो वाहायला लागलं, गल्लीनं टाळ्या वाजवल्या, आणि त्या सहा जणांच्या हातात एक मोठा वाकलेला पत्रा आला. फोंगसाहेबांनी त्यावर बादलीभर पाणी ओतलं.

‘गटार स्वच्छ ठेवा. हुकमावरून, अध्यक्ष कुपसामी.’

सगळ्यांनी आधी फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डुकरानंसुद्धा पाहिलं. मग फोंगसाहेबांनी खिशातून फोन काढला, बराच वेळ काहीतरी शोधलं आणि गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं.

“फलक हरवल्याची एक तक्रार प्रलंबित आहे. तुमचीच ना? सापडला. उशीर झाला, क्षमस्व.”

पहिली हसली ती अर्तिका! कित्येक दिवसांत मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. गालाला हळद, पोट धरून हसतेय! मग गल्ली हसली, गाव हसलं, मशीनवाला हसला. त्या हसण्यासाठी मी आणखी चार फलक मोरीत घातले असते.

शुक्रवारी धुवाधार पाऊस पडला. मी छत्री घेऊन गटारापाशी उभा राहिलो. पाणी सरळ खाली गेलं, अंगणात एक थेंब आला नाही. मला तिथंच रडू आलं. पावसात कुणाला दिसत नाही, तेवढंच बरं.

डुकराला कुणी हात लावला नाही. “यानं गटार उघडलं. याला कोण कापणार?” सेवानाया म्हणाला. ते लॉरीतून ऐटीत गावी गेलं. पंडितजी परत आले. शनिवारी सेवानायाचं गाव आमच्या मांडवात बसून पुरी आणि भोपळ्याची भाजी खात होतं. पंक्तीवर पंक्ती! लंबासाच्या व्याह्यांनी डोळे विस्फारले. “केवढा गोतावळा हो तुमचा! हे सगळे कोण?”

“घरचेच,” मी म्हणालो. या खेपेला म्हणताना मी ते समजूनच म्हणालो.

फोंगसाहेबही आले होते. मिठाईचा पुडा त्यांनी घेतला नाहीच. “बांधून दिलं तर भेट, पानात वाढलं तर जेवण,” असं सांगून पानातच पाच लाडू खाल्ले. नियमाचा एवढा सुंदर अर्थ मी दुसरा ऐकला नाही.

अर्तिका त्याच अंगणातून निघाली, कोरड्या पावलांनी. मी रडलो, सुकवंती रडली, पण सगळ्यांत मोठ्यानं रडला सेवानाया! घरचंच कार्य ना! शेवटी मलाच त्याला सावरावं लागलं. मला खूप बोलायचं होतं. भाषण तयार होतं. पण त्याचा हात हातात घेतला आणि “विनाका, भावा, विनाका” एवढेच आभार मानले. लाज जायची वेळ आली तेव्हा हा परका माणूस उन्हात येऊन माझ्यासमोर बसला. त्याचे उपकार मी कोणत्या काट्यावर जोखू?

“पुढच्या वेळी,” सुकवंती डोळे पुसत म्हणाली, “माणसाला जोखायच्या आधी बसायला देत जा.”

कौन्सिलला मी स्वतः जाऊन आभार कळवून आलो. त्यांचं उत्तर आलं, ‘आपण आभार कळवलेत, आम्ही आभारी आहोत.’

फलकाचं म्हणाल तर तो वाया घालवला नाही. ठोकून सरळ केला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून घातला, अक्षरं आतल्या बाजूला. आता माझा हुकूम फक्त कोंबड्या वाचतात. आणि खरं सांगू? त्याही ऐकत नाहीत!